सही सरपंचाची, किल्ली कोणाच्या खिशात?

गावच्या कारभारात सहीचे मोल काय असते हे कुणब्याला कोणी शिकवायला नको. एका सहीपायी जमीन गेलेली घरे गावोगाव आहेत, आणि एका सहीसाठी तालुक्याला सात हेलपाटे घातलेली माणसेही आहेत. तरीसुद्धा ज्या सहीवर आज ग्रामपंचायतीचा पैसा हलतो, ती सही पुष्कळ गावांत टेबलाच्या खणात पडून असते आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

दुपारच्या वेळी एखाद्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाऊन बघा. संगणक परिचालकाच्या खणात रबरात गुंडाळलेली दोन डोंगल असतात. एकावर कागदाची चिठ्ठी ‘सरपंच’, दुसऱ्यावर ‘ग्रामसेवक’. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आठ आकडे लिहिलेले. ते आकडे म्हणजे पिन. विचारले तर उत्तर मिळते, “ते हितंच असतंय साहेब. ताई रानात असत्यात, दर टायमाला बोलवायचं कुठनं?” बोलणारा पोरगा लबाड नसतो. उलट तो बिचारा सगळ्या गावाचे दाखले काढून देत असतो. सगळीकडे हेच चालते असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याने चार ग्रामपंचायती पाहिल्या आहेत त्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

हे डोंगल म्हणजे नेमके काय? सरकारी भाषेत त्यात ‘डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र’ असते. गावात त्याला ‘डीएससी’ म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ सुरू झाले आणि वित्त आयोगाचा पैसा खर्च करायची रीतच बदलली. देयक एकाने संगणकावर तयार करायचे, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचे आणि दोघांनीही आपापली डीएससी लावायची, की रक्कम थेट ठेकेदाराच्या किंवा दुकानदाराच्या खात्यात जाते. पूर्वी चेकबुक होते. कोऱ्या चेकवर आगाऊ सह्या करून ठेवणारे सरपंच तेव्हाही होतेच, नाही असे नाही. पण त्या सहीला निदान सरपंचाचा हात तरी लागत असे. आता हातही लागत नाही. डोंगल आणि आठ आकडे ज्याच्याकडे, तो सरपंच.

आपल्या मुलखाला हा धडा नवा नाही. जुन्या महजरांवर अक्षरओळख नसलेला पाटील नांगराची निशाणी करीत असे. बलुतेदार आपापल्या कामाच्या अवजाराची खूण काढीत. वाचता येत नसले तरी खूण ज्याची त्याची होती, आणि ती चारचौघांसमोर होत असे. पुढे सावकारशाही आली आणि कागद सावकाराच्या घरात लिहिला जाऊ लागला. कागदात काय आहे हे कुळाला कळेना, अंगठा मात्र त्याचा. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात उद्रेक झाला, तो पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनी सावकारांकडून मागितले काय, तर खतपत्रे. आणि मिळाली तिथे ती जाळली. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात असे कलम घातले गेले की शेतकऱ्याने करून दिलेला दस्तऐवज गावनिबंधकासमोर लिहिला गेला आणि त्याने साक्षांकित केला, तरच तो ग्राह्य. सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो आहोत हे कळले पाहिजे, आणि सही त्याच्याच हातची असली पाहिजे, एवढाच त्याचा मतलब. दीडशे वर्षे होत आली. अंगठ्याच्या जागी डोंगल आले, पण प्रश्न तोच आहे.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि संगणकावरच्या सहीला हाताच्या सहीइतकीच मान्यता मिळाली. त्याच कायद्याचे ४२ वे कलम म्हणते की आपली खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची काळजी ज्याच्या नावाचे प्रमाणपत्र त्याने घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती लागली असेल, तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास ‘६६ क’ या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे झाले वापरणाऱ्याचे. पण उद्या चौकशी लागली तर ‘मी केली नाही, पोराने केली’ हे सरपंचाचे म्हणणे सहजासहजी टिकत नाही. सही सरपंचाच्या नावाची असते, आणि ती माझी नव्हे हे दाखवून देता देता त्याच्याच नाकी नऊ येतात. वसुलीची नोटीस परिचालकाच्या नावाने निघत नाही.

म्हणून ही डीएससी संगणकावर बसते कशी, हे प्रत्येक सरपंचाने एकदा समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. त्यात काही मोठी विद्या नाही. मोटारीचा स्टार्टर लावता येतो त्याला हेही येईल.

पहिली गोष्ट. प्रमाणपत्र बनते तेव्हा किल्ल्यांची एक जोडी तयार होते. एक खासगी, एक जाहीर. खासगी किल्लीने सही होते. जाहीर किल्लीने ती सही खरी की खोटी ते कोणालाही तपासता येते. खासगी किल्ली डोंगलच्या पोटातच जन्मते आणि तिथेच राहते. ती बाहेर काढता येत नाही, तिची नक्कल होत नाही. लोक म्हणतात, “आमची डीएससी त्या कॉम्प्युटरात बसवली आहे.” तसे काही नसते. संगणकात बसते ते डोंगल ओळखणारे ड्रायव्हर, आणि त्याच्या यादीत दिसते ते फक्त प्रमाणपत्राचे जाहीर अंग. डोंगल उपसून खिशात घातले, की त्या संगणकावर तुमची सही कोणाला करता येणार नाही. तेव्हा ‘कॉम्प्युटरात आहे म्हणून डोंगल इथेच ठेवावे लागते’ असे कोणी सांगितले, तर ते एक तर अज्ञान समजावे नाही तर सोय.

दुसरी गोष्ट, अर्ज करतानाची. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना केंद्र सरकारच्या नियंत्रकाचा परवाना लागतो. १ जानेवारी २०२१ पासून ‘वर्ग २’ची प्रमाणपत्रे देणे बंद झाले, आता असल्या कामांना ‘वर्ग ३’चे लागते. अर्जदाराची ओळख कागदपत्रांवरून आणि मोबाईलवर चित्रफीत काढून पटवली जाते. इथेच पहिली चूक होते. घाईत अर्जावर मोबाईल नंबर आणि ई-मेल परिचालकाचा किंवा तालुक्याच्या एजंटाचा घातला जातो. मग खात्रीचा प्रत्येक आकडा त्याच्याकडे, मुदत संपल्याचा निरोप त्याच्याकडे, आणि प्रमाणपत्र रद्द करायचे म्हटले तरी वाट त्याच्याच दारावरून. नंबर आपला घाला. ई-मेल नसेल तर पोराकडून काढून घ्या, पण पासवर्ड आपल्या वहीत, आपल्या घरात ठेवा.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष बसवण्याची. डोंगल संगणकाला लावायचे. बऱ्याच डोंगलांत ड्रायव्हर आतच दिलेले असते. नसेल तर ते बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यायचे. व्हॉट्सअॅपवर कोणी पाठवलेली फाइल घेऊ नये. ड्रायव्हर बसले की डोंगलचा छोटा कार्यक्रम उघडतो. त्यात पिन टाकला की प्रमाणपत्र दिसते. त्यावर तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायच्या: नाव बरोबर आहे का, देणारी संस्था कोणती, आणि मुदत कधी संपते. मुदत एक ते तीन वर्षांची असते. नंतर, उठण्यापूर्वी, पिन बदलायचा. डोंगलसोबत येणारा पहिला पिन बहुधा ओळीने आकड्यांचा असतो आणि तो सगळ्या तालुक्याला ठाऊक असतो. नवा पिन टाकताना शेजारच्याला मान वळवायला सांगण्यात कसली लाज? एटीएमवर सांगतोच की आपण. मात्र पिन विसरू नका. ठरावीक वेळा चुकीचा पिन पडला की डोंगल कुलूपबंद होते, आणि मग पुष्कळदा नवे प्रमाणपत्र घेण्याची पाळी येते.

चौथी गोष्ट बारीक आहे, पण ती कितीतरी दिवस वाया घालवते. ग्रामपंचायतीतला संगणक जुना, आतला छोटा सेल संपलेला, वर विजेचा लपंडाव. वीज आली की संगणकाची तारीख काही वर्षे मागे गेलेली असते. अशा संगणकाला तुमचे प्रमाणपत्र दाखवले तर तो म्हणतो, याची मुदत अजून सुरूच झालेली नाही. मग ‘डीएससी खराब झाली’ म्हणून तालुक्याला हेलपाटा. डीएससीला काही झालेले नसते. उजव्या कोपऱ्यातली तारीख-वेळ दुरुस्त केली की काम होते. शंभराच्या आतल्या सेलपायी गावाची देयके अडू नयेत.

पाचवी गोष्ट, नोंदणीची. डोंगल संगणकाने ओळखले म्हणजे संकेतस्थळाने ओळखले असे नाही. तिथे प्रमाणपत्राची वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिला वरून मान्यता मिळावी लागते. सरपंच बदलला, ग्रामसेवकाची बदली झाली, प्रमाणपत्राची मुदत संपून नवे घेतले, की हे सगळे पुन्हा. म्हणून मुदत मार्चमध्ये संपत असेल तर जानेवारीतच हालचाल करावी. आणि पद गेलेल्याचे प्रमाणपत्र त्या कामापुरते बंद झाले की नाही, हेही त्याच दिवशी बघावे. जुन्या सरपंचाची सही चालू आणि नव्याची नोंदणी अडलेली, असा उलटा कारभार नको.

डिजिटल सहीचा संबंध फक्त सरपंचाशी नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरून तो घरबसल्या काढता येतो. पण तो संगणकावर उघडला की सहीच्या जागी पुष्कळदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. बँकेतला कारकूनही कधी कधी ‘हा चालणार नाही’ म्हणून परत पाठवतो. त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ सातबारा खोटा असा नाही. सही ज्या मूळ प्रमाणपत्रावर उभी आहे ते त्या संगणकाच्या विश्वासाच्या यादीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते मूळ प्रमाणपत्र यादीत घेतले आणि सही पुन्हा तपासली की हिरवी खूण येते. शिवाय उताऱ्यावर पडताळणीचा क्रमांक असतो. तो संकेतस्थळावर टाकून कोणीही खात्री करू शकतो. बँकेने एवढे कष्ट घ्यावेत. शेतकऱ्याचा एक दिवस आणि एसटीचे भाडे त्यापेक्षा महाग आहे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांची कथाही निराळी नाही. २००३ पासून अशा कंपन्या काढता येऊ लागल्या. दहा शेतकरी एकत्र आले की कंपनी उभी राहते, आणि तिला किमान पाच संचालक लागतात. कंपनीचा कागद संगणकावरूनच जातो आणि त्यावर संचालकाची डिजिटल सही लागते. वार्षिक विवरणे उशिरा गेली तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये चढतात, म्हणून संचालक घाबरून सगळे सल्लागाराच्या हवाली करतात. पाचही संचालकांची डोंगल शहरातल्या एका ऑफिसच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. कर्जाच्या बोज्याची नोंदसुद्धा याच सहीने होते, हे कितीजणांना ठाऊक आहे? बाकीचे संचालक सोसायटीच्या कट्ट्यावर ‘आपली कंपनी’ म्हणून चहा पितात, आणि आपल्या सहीने काय काय गेले हे त्यांना लेखापरीक्षणात कळते.

आता सगळ्यांत नाजूक भाग. १९९३ च्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांत बायकांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. गावचा कारभार बाईच्या हाती आला, असे आपण कौतुकाने लिहितो, आम्हीही लिहिले आहे. पण सरपंचताईंचे डोंगल कोणाकडे, असे विचारले की बैठकीत हशा पिकतो. ‘मालकांकडे’ हे उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. कागदावर सही करायला ताईंना निदान ऑफिसात बोलवावे लागे. खुर्चीवर बसावे लागे. बसता बसता दोन कागद वाचायची सवय लागे. कितीतरी जणी अशाच तयार झाल्या, पुढे ठेकेदाराला जाब विचारू लागल्या. डोंगलने ती बसण्याची गरजही काढून घेतली. आरक्षणाने दिलेले पद या एका वस्तूपायी परत जाऊ शकते, आणि ते गेलेले कोणाला दिसतही नाही. म्हणून ताईंना आमचे सांगणे: मंगळसूत्र जसे कोणाला ठेवायला देत नाही, तसे हे डोंगलही देऊ नका. नवऱ्यावर विश्वास असणे वेगळे आणि कायद्याची जबाबदारी वेगळी.

परिचालकांवर खापर फोडायचा मात्र आमचा हेतू नाही. २०११ मध्ये संग्राम प्रकल्प आला, २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रे आली. गावातला संगणक चालवला तो याच पोरापोरींनी, तुटपुंज्या आणि वेळेवर न मिळणाऱ्या मानधनावर. दुसऱ्याची किल्ली सांभाळणे हे त्यांचे काम नव्हे, आणि उद्या काही झाले तर पहिला संशय त्यांच्यावरच येणार आहे. त्यांनी स्वतःहून ‘ताई, तुमचे डोंगल घरी न्या’ असे सांगावे. त्यात त्यांचेच भले आहे.

दोष व्यवस्थेचाही आहे. आज संध्याकाळपर्यंत खर्च टाका, उद्या सकाळी आढावा आहे, असा निरोप वरून येतो तेव्हा सरपंच कुठे आहे याची चौकशी कोणी करत नाही. खणातले डोंगल काढणे हाच मग एक मार्ग उरतो. नव्या सरपंचांची प्रशिक्षणे होतात, त्यांत भाषणे होतात, जेवणे होतात. पण प्रत्येकाच्या हातात डोंगल देऊन ‘पिन बदलून दाखवा’ असे सांगणारे प्रशिक्षण आम्हाला क्वचितच दिसले. एका दिवसात तीस सरपंचांचे हे काम होईल. पंचायत समितीने ते निवडणुकीनंतरच्या पहिल्याच महिन्यात करावे. आणि आठवड्यातला एक ठरलेला वार सह्यांचा असावा. त्या दिवशी सरपंच ऑफिसात येतील, देयक वाचतील, डोंगल लावतील, सही करतील आणि डोंगल घेऊन घरी जातील. बाजाराचा वार ठरतो, देवाचा वार ठरतो, मग सहीचा का ठरू नये?

गावानेही एक करावे. वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रत्येक ग्रामसभेत मागच्या तीन महिन्यांत डीएससी लावून किती रक्कम कोणाच्या खात्यात गेली, याची यादी सरपंचांनी स्वतः वाचून दाखवावी. ई-ग्रामस्वराजवर ही माहिती कोणालाही पाहता येते, तेव्हा गुपित असे त्यात काही नाही. यादी वाचताना सरपंच अडखळले, एखादे नाव त्यांनाच नवे वाटले, तर गावाने समजून जावे की सही त्यांची नव्हती.

जुन्या पाटलाला लिहिता येत नव्हते, तरी आपली नांगराची निशाणी तो दुसऱ्याला काढू देत नसे. आजचा सरपंच शिकलेला आहे. त्याने आज घरी जाण्यापूर्वी ऑफिसचा तो खण उघडावा, आपले डोंगल काढून घ्यावे, आणि चिठ्ठीवरचे आठ आकडे उद्याच बदलावेत.